पाऊण मिलिमीटरचा पत्रा

दहा मिलिमीटर जाडीची प्लेट कापायला द्या, कुठलाही फिटर हातातला चहा संपवून उठेल आणि निमूट कापून देईल. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पत्रा पुढे केलात, तर तो आधी पत्रा दोन्ही हातांनी वाकवून बघेल आणि कपाळाला आठ्या घालेल. जाड लोखंड जागचं हलत नाही. पातळ पत्रा थरथरतो, वर उचलला जातो, हत्याराच्या दातात अडकतो आणि मग हत्याराबरोबर फिरायला लागतो. आयटीआयला फिटर ट्रेड करून भोसरी एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसाचं हे मत आहे. ते भाच्याच्या गळी उतरवायला कापण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. पैसे साठवून त्याने ग्राफिक कार्ड घेतलं. त्यावर रंगीत दिवे आहेत, पंख्यांनाही दिवे आहेत, आणि हे सगळं एका जुन्या काळ्या बंद कॅबिनेटच्या आत. "मामा, तुझ्याकडे हत्यारं आहेत. बाजूच्या पत्र्याला खिडकी पाडू या." त्याची आई, म्हणजे माझी ताई, तिथेच होती. "दिवे बाहेर लाव की, खिडकी कशाला?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता, पण भाच्याने तो ऐकला नाही.

तसा हा उद्योग नवा नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आणि युरोपात गेम खेळणारी पोरं त्या पिवळट पांढऱ्या डब्यांना घरीच खिडक्या पाडत होती. छोटं रोटरी हत्यार घ्यायचं, पत्रा कापायचा, अ‍ॅक्रिलिक बसवायचं आणि आत निळी कोल्ड कॅथोड नळी लावायची. ते बघून कंपन्यांनी खिडकीवाली कॅबिनेटं काढली. पुढे अ‍ॅक्रिलिक जाऊन टफन काच आली. भाच्याला काचच हवी होती. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापताही येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही; कडेला जोराचा ठोका बसला तरी अख्खी काच दाण्यादाण्यांत फुटते. मापाप्रमाणे आधी कापून, भोकं पाडून मग टफन करून आणायची म्हणजे नव्या कॅबिनेटाशी स्पर्धा. अ‍ॅक्रिलिकवर तह झाला.

भाचा येताना मित्राचा ग्राइंडर घेऊन आला होता. चार इंची, आणि गार्ड काढून टाकलेला. गार्डमुळे नीट दिसत नाही, असं मित्राचं म्हणणं. मी ग्राइंडर उचलून बाजूला ठेवला आणि पोराला हिशोब घातला. १०० मिलिमीटरचं व्हील मिनिटाला ११,००० फेरे मारतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. एक मिलिमीटर जाडीचं ते व्हील पातळ पत्र्याच्या फटीत जरा तिरकं झालं की पत्रा त्याला चिमटीत धरतो. मग एकतर ग्राइंडर अंगावर उसळतो, नाहीतर व्हीलचा तुकडा सुटतो. गार्ड त्या तुकड्यासाठी असतो. शिवाय ठिणग्या. ठिणगी म्हणजे जळतं लोखंड, ते रंगावर, काचेवर, फरशीवर जाऊन चिकटतं. पार्किंगमध्ये ग्राइंडर चालवून बघा. शेजाऱ्याच्या पांढऱ्या गाडीवर त्या दिवशी काही दिसणार नाही, पहिल्या पावसानंतर तपकिरी ठिपके उठतील. पुढचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

"मग ड्रेमेल?" रोटरी हत्यार वाईट नाही. वजनाला हलकं, कोपऱ्यात शिरतं. पण ते मिनिटाला ३५,००० पर्यंत फिरतं आणि त्याच्यासोबत मिळणाऱ्या साध्या पातळ चकत्या जरा वाकल्या की काचेसारख्या फुटतात. फायबरची जाळी घातलेली चकती घेतली तर निभतं, तरी सरळ लांब रेघ हातावर मारणं कठीण आणि ठिणग्या आहेतच. मी जिगसॉ काढला.

जिगसॉचा जीव ब्लेडमध्ये असतो. आम्हाला शिकवलेला नियम असा की कापायच्या जाडीत ब्लेडचे किमान दोन-तीन दात एका वेळी बसले पाहिजेत. एकच दात असला की पत्रा दोन दातांच्या मधल्या खाचेत शिरतो आणि ब्लेड त्याला कापायच्या ऐवजी ओढतं. भाच्याच्या पत्र्याला व्हर्नियर लावला तर रंगासकट पाऊण मिलिमीटर भरला. लाकडाच्या ब्लेडला इंचाला सहा ते दहा दात असतात, त्याचा इथे विचारच नको. लोखंडाचं नेहमीचं ब्लेड २४ दातांचं, म्हणजे दातागणिक मिलिमीटरभर अंतर. तेही जाड. ३६ दातांचं मिळतं, त्याचं अंतर ०.७ मिलिमीटर. म्हणजे सगळ्यात बारीक ब्लेड आणूनही पत्र्यात जेमतेम एक दात बसतो. नियम पाळायचा तर पत्र्याची जाडी वाढवायला हवी, आणि ती वाढते खाली प्लाय धरून. पत्रा आणि प्लाय एकदम कापायचं. ब्लेडला खालून आधार मिळतो, पत्र्याचं थरथरणं थांबतं. हे गणित भाच्याला लगेच कळलं. भाषा त्याची होती.

ब्लेडं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळाली. तिथे नुसतं "जिगसॉचं ब्लेड" म्हटलं की लाकडाचं हातात देतात. पत्र्याचं, आणि पातळ पत्र्याचं, असं दोनदा सांगावं लागतं. अ‍ॅक्रिलिक एका नेमप्लेटवाल्याकडून आणलं. त्यांच्याकडे तीन मिलिमीटरचे उरलेले तुकडे पडलेले असतात, वजनावर देतात.

बाजूचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढले की सुटतो. तो घेऊन आम्ही पार्किंगमध्ये गेलो आणि कॉम्प्युटर वर घरातच ठेवला. हे फार महत्त्वाचं. लोखंडाचा कीस वीजवाहक असतो आणि लोहचुंबकाला चिकटतो. कॅबिनेटातल्या प्रत्येक पंख्याच्या मोटरमध्ये चुंबक आहे, स्पीकरमध्ये आहे, जुन्या हार्ड डिस्कमध्ये तर जबरदस्त आहे. मदरबोर्डवरच्या दोन टोकांच्या मध्ये केसाएवढा कीस बसला तरी कार्डाची किंमत वसूल. पत्रा मशीनला लावलेला ठेवून, आत फडकं कोंबून कापणारेही असतात. त्यांना माझा नमस्कार.

आखणी आतल्या बाजूने केली. आधी पत्रा मशीनवर धरून आत कुठे काय येतं ते बघितलं, नाहीतर खिडकीतून हार्ड डिस्कचा पिंजराच दिसायचा. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असतात आणि त्यांवर अडकवायच्या आकड्या असतात. पत्र्याला जो काही ताठपणा आहे तो त्या दुमडीमुळे, म्हणून चारी बाजूंनी चाळीस मिलिमीटर सोडले. तेवढ्यात जिगसॉचा तळही टेकायला जागा मिळते. गुण्या लावून रेघा मारल्या, कोपरे गोल ठेवले. काटकोनी कोपऱ्यात ब्लेड वळत नाही आणि पुढे पत्रा फाटायला सुरुवात होते तीही तिथूनच.

मास्किंग टेप दोन्ही अंगांनी लावली. जिगसॉ वर जाताना कापतो, त्याचे दात आकाशाकडे असतात. त्यामुळे रंगाचे टवके वरच्या बाजूला उडतात. म्हणून चांगली बाजू खाली, प्लायला टेकवून.

ब्लेड आत घालायला कोपऱ्यांवर भोकं पाडताना भाचा हातमोजे घालून आला, सुरक्षा म्हणून. मी ते काढायला लावले. पत्रा उचलताना मोजे हवेतच, पत्र्याची कड ब्लेडपेक्षा कमी नसते. पण ड्रिल फिरत असताना मोजा नको. बिटाने मोज्याचं टोक पकडलं की बोट सोडवायला वेळ देत नाही. लोंबती बाही, ओढणी, गळ्यातला गोफ, हातातला धागा, सगळ्यांना तोच नियम. आणि पत्रा हाताने धरून भोक कधीही पाडायचं नाही. बिट आरपार जाताना पत्र्यात अडकतं आणि अख्खा पत्रा गरकन फिरतो. आमच्या कारखान्यात याला "पंखा झाला" म्हणत. खाली लाकूड, दोन्हीकडे क्लॅम्प, मध्यबिंदूला पंचाचा एक ठोका म्हणजे बिट घसरत नाही, आणि वेग कमी.

डोळ्यांवर बंद गॉगल, माझ्या चष्म्याच्या वरून. नुसता चष्मा बाजूंनी उघडा असतो. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण काढला तरी बुबुळावर गंजाची कडी राहू शकते, ती डॉक्टरला वेगळी खरवडावी लागते. आणखी एक गोष्ट भाच्याला माहीत नव्हती. एमआरआयच्या आधी जो फॉर्म भरून घेतात, त्यात डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, असा प्रश्न असतो. मशीनचं चुंबक आत राहिलेला कण हलवू शकतं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला आयुष्यभर ग्राइंडिंग केलं म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढावा लागला होता. कानात बोळे घातले, पायात बूट. चप्पल घालून आलेल्या पोराला वर परत पाठवलं.

विजेचं थोडक्यात सांगतो. जिगसॉच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची पिन नसली तरी चालते. पण चालत्या ब्लेडखाली स्वतःचीच वायर आली तर ते इन्सुलेशन काय करणार? वायर खांद्यावरून मागे टाकायची, आणि प्लग लावायचा तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. ब्लेड बदलताना प्लग बाहेर. बटण बंद केलंय, असं सांगणारा माणूस मी कारखान्यात फार वेळा ऐकला आहे.

कापणं तसं चटकन झालं. ब्लेडला पुढे-मागे झोका देणारा पेंड्युलमचा खटका शून्यावर, वेग मध्यमाच्या खाली, रेघेवर मशीन ऑइलचा थेंब, आणि जिगसॉ ढकलायचा नाही, नुसता खाली दाबून धरायचा. तळ पत्र्यावरून उचलला गेला की पत्रा टाळ्या वाजवायला लागतो. प्लायच्या खालून ब्लेड बाहेर येतं हे विसरून लोक आधाराला तिथे हात धरतात, म्हणून भाच्याचे दोन्ही हात मला दिसतील असेच त्याला उभं केलं. शेवटची बाजू राहिली तेव्हा थांबून मधला तुकडा दोन स्क्रूंनी प्लायला बसवून टाकला. नाहीतर तो सुटताना लोंबतो, ब्लेड आवळतो आणि ब्लेड तुटतं. शेवटचा सेंटिमीटर भाच्याने कापला.

मग कानस. आयटीआयमध्ये पहिले महिने आम्ही दुसरं काही केलंच नव्हतं, त्यामुळे हा भाग मी कुणाला दिला नाही. बारीक दातांची अर्धगोल कानस, कडेला तिरकी धरून एकाच दिशेने. कड गुळगुळीत झाली की नाही हे बोट फिरवून बघायचं नसतं. कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे त्याचा धागा अडकेल तिथे बर, म्हणजे कापल्यावर उरलेलं टोकदार कुसळ, आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यात कापूस सारखा अडकत होता. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, भिंगाखाली पत्र्याचं एक वळलेलं नख निघालं.

पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून वाळवला, म्हणजे कीस घरात गेला नाही. हा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो, पण कापलेल्या कडेला जस्त नाही. तिथे रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग मारला. त्यावर गाडीच्या दाराला लावतात तसली रबरी बीडिंग बसवली.

अ‍ॅक्रिलिक जिगसॉने कापू नये असं मी म्हणेन. ते गरम होऊन वितळतं आणि ब्लेडच्या मागे परत चिकटतं. पट्टी धरून अ‍ॅक्रिलिक कटरने खोल चरा पाडायचा आणि टेबलाच्या कडेवर मोडायचं. वरचा कागद शेवटपर्यंत काढायचा नाही. भोकं स्क्रूपेक्षा जरा मोठी, खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. पुसायला स्पिरिट नको, कडांना बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरतं.

आता त्या खिडकीतून दिवे दिसतात. ताईला ते झोपताना डोळ्यांवर येतात म्हणून रात्री वर टॉवेल टाकलेला असतो.

तुम्हाला हे करायचं असेल आणि जिगसॉ नसेल, तर एका खिडकीसाठी विकत घेऊ नका. ओळखीच्या सुताराकडे हमखास असतो, आणि हात त्याचा तुमच्यापेक्षा स्थिर असतो. ब्लेड तेवढं तुम्ही घेऊन जा, कारण त्याच्या जिगसॉला लाकडाचं लावलेलं असणार. त्या जिगसॉला टी-शँक (टी आकाराच्या बुडाचं ब्लेड) बसतं का ते आधी विचारा, आणि दुकानात ३६ दातांचं मागा.