माजघरातलं अमेरिकन घड्याळ

ठाणे

ती. सौ. वहिनींस,


भिवंडीचा वाडा उतरवायला काढलाय आणि माजघरातल्या घड्याळाला गिऱ्हाईक दारात उभं आहे, हे दादाने फोनवर सांगितलं. तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. तबकडीवर ‘अन्सोनिया, न्यूयॉर्क’ आहे खरं, पण तेवढ्यावर हुरळून जाऊ नका. पेटी एकीकडची, मशीन दुसरीकडचं, तबकडी परवा छापलेली, असं आपल्याकडे सर्रास सापडतं. या तिघांची सोयरीक मूळची की मागाहून जुळवलेली, यावर किंमत ठरते. नुसत्या वयावर नाही.

जाणत्या घड्याळजीकडून काटे आणि तबकडी उतरवून घ्या. चावी भरलेली स्प्रिंग हाताला इजा करते, तेव्हा स्वतः खटपट करू नका. आत पितळी पत्र्यावर कंपनीचा छाप शोधा. स्प्रिंगची वेटोळी उघडी असतील तर घडण अमेरिकन धर्तीची. पितळी डब्यात बंद असतील तर बहुधा जर्मन. मात्र 1892 मध्ये टोकियोत निघालेल्या सैकोशा कारखान्यानेही अमेरिकन नमुने गिरवले, म्हणून छाप पाहायचाच. पेटंटची तारीख दिसली तर ते बनवल्याचं साल नव्हे. घड्याळ त्याआधीचं नाही, इतकंच. उलट बाजूची हद्दही ठाऊक आहे: 1929 मध्ये अन्सोनियाची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली.

मग पाठीची फळी बघा. बुजवलेली जुनी भोकं असतील तर मशीन बदललंय. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेले स्क्रू 1930 नंतरचे, आणि प्लायवूड दिसलं तर फळीही बहुधा नवी.

ही घड्याळं कारखान्यात हजारोंनी निघाली, स्वस्त होती म्हणूनच इथवर आली. त्यामुळे साध्या पेटीला फार भाव नाही. शाबूत नक्षी, जुनी काच, मूळ लंबक याला आहे. मुंबईच्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचा दुकानदार सांगतो तो आकडा धरू नका. लिलावात तसंच घड्याळ खरोखर कितीला गेलं ते पाहायचं. डागाळलेली मूळ तबकडी जाणकाराला नव्या पांढऱ्याशुभ्र तबकडीपेक्षा प्यारी. भिवंडीच्या मागांवरून उडालेला कापूस तेलात बसून मशीन अडलं असेल, तर ते साफ होतं. खरवडलेलं जुनं पॉलिश परत येत नाही.

न्यू जर्सीच्या ताईला ते हवंय म्हणे. तिला सांगा, 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू आपल्याला परदेशी नेता येत नाही, मग ती मुळात अमेरिकेचीच का असेना.

ठेवायचं की विकायचं, ते तुम्ही दोघं ठरवा. तोवर पॉलिशवाल्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, आणि मशीनच्या छापाचा फोटो तेवढा पाठवा.

आपला,
धाकटा दीर