तारपा छापायचा कसा

स्टाफ नोटेशन नीटनेटकं बसवून छपाईला देणं हे माझं काम. स्वरलेखनाचे प्रोग्राम कागदोपत्री पाहिले तर सगळेच सगळं करतात. त्यांच्यातला खरा फरक मला कळला तो जव्हार-मोखाड्याची ध्वनिमुद्रणं उतरवायला बसलो तेव्हा, आणि त्यातही तारप्यामुळे.

वाळलेल्या दुधी भोपळ्याची हवापेटी, तिच्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भात कापून झालं की दिवाळीच्या सुमारास पाड्यापाड्यांवर रात्रभर नाच चालतो. तारपेकरी चाल बदलतो आणि त्याच्याभोवतीच्या फेराची पावलं बदलतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाल्यापासून हे वाद्य निदान नावाने तरी सर्वदूर पोचलं. ज्यांना वाजवायचंय ते ऐकून शिकतात, त्यांना माझ्या पानाची गरज नाही. पान लागतं ते बाहेरच्यांना, म्हणजे अभ्यासकाला, संगीतकाराला किंवा शहरातल्या एखाद्या क्लॅरिनेटवाल्याला. हे एकदा मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिली अडचण बारलाइनची, कारण तारप्याची चाल ठरावीक मापांत बसत नाही. म्युझस्कोर फुकट आहे आणि कुठल्याही साध्या संगणकावर चालतो, पण त्याची सगळी रचना मापांवर उभी आहे. माप लागतंच. मग दहा मापं जोडून एक लांबलचक माप करा, तालचिन्ह लपवा, रेषा अदृश्य करा. पान शेवटी ठीक दिसतं, पण आत सगळी लपवाछपवी. डोरिकोत उलट आहे. सूर आधी, तालचिन्ह मागाहून. तालचिन्ह दिलंच नाही तरी त्याचं काही अडत नाही. २०१२ मध्ये सिबेलियस या जुन्या स्वरलेखन प्रोग्रामच्या लंडनमधल्या ज्या चमूला नारळ मिळाला, त्यातल्याच बऱ्याच जणांनी स्टाइनबर्ग कंपनीकडे जाऊन २०१६ मध्ये डोरिको आणला. जुनं घर पाडून नवं बांधल्यासारखा त्याचा पाया स्वच्छ आहे, आणि किंमतही नव्या घराला शोभेल अशी.

माझा कल मात्र लिलीपाँडकडे आहे. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डचांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. यात माउसने सूर टाकायचे नाहीत, अक्षरं-आकडे टाइप करायचे आणि पान तयार होऊन येतं. हाताने धातूच्या पत्र्यावर ठोकून कोरलेल्या जुन्या युरोपीय पानांचा ठसठशीतपणा त्यांना हवा होता, आणि तो त्यांनी बऱ्यापैकी साधलाय. कॅडेन्झाची आज्ञा दिली की मापं मोजणं थांबतं. ओळ कुठे मोडायची ते मात्र अदृश्य बारलाइन घालून आपणच सांगायचं. मला हे आवडतं, कारण ओळ कुठे मोडायची हा इथे संगीताचाच निर्णय आहे.

दोन सुरांमधलं अंतर हा तर या धंद्याचा गाभा. दुप्पट लांब सुराला दुप्पट जागा द्यायची नसते. जुने कोरणारे साधारण दीडपटीच्या आसपास राहत, आणि डोरिकोतही हे गुणोत्तर मुळात १.४१ ठेवलेलं आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते बरं पडतं. तारप्याला मी हा नियम लावत नाही. तिथे वेळेच्या प्रमाणात जागा सोडतो, म्हणजे न तुटणारा सूर कागदावरही सलग धावतो.

मोखाड्याचा बोहाडा म्हणजे अगदी दुसरं टोक. मुखवटे घातलेली सोंगं संबळ-सनईवर नाचत येतात, ठेका पक्का असतो, आवर्तन फिरून जागेवर येतं. तिथे म्युझस्कोरची मापं मुळीच आड येत नाहीत. संबळाच्या दोन भांड्यांना दोन रेषांचा स्टाफ दिला की झालं. अशा कामाला डोरिको घेणं म्हणजे निव्वळ हौस.

तारप्याचे सूर पियानोच्या पट्ट्यांवर बसत नाहीत. अर्ध्या-पाव सुरांची चिन्हं या प्रोग्रामांत भरपूर आहेत आणि प्रत्येक सुराला बाण लावायचा मोहही होतो. मी तो टाळतो. तारप्या-तारप्याचे सूर वेगळे असतात, म्हणून त्या विशिष्ट वाद्याचे मोजलेले सूर प्रस्तावनेत एकदाच देतो आणि पान मोकळं ठेवतो.

मराठी वाचकासाठी जोडीला भातखंडे पद्धतीची पानंही लागतात. तिथे यातला एकही प्रोग्राम मुळातून तयार नाही. मी साधा तक्ता आखतो, एका मात्रेला एक चौकट. कोमल स्वराखालच्या आडव्या रेघेला वेदपाठातलं अनुदात्ताचं चिन्ह चालतं, तीव्र मध्यमावरच्या उभ्या रेघेला त्याच्या जोडीचं वरचं. दोन्ही युनिकोडमध्ये आहेत. फॉन्ट मात्र तपासून घ्यावा, काहींत ती रेघ अक्षराला चिकटते. स्टाफखाली देवनागरी बोल बसवताना एका प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं सुटी होऊन छापली गेली होती, तेव्हापासून पहिली चाचणी मी ‘ष्ट्र’ आणि ‘र्‍य’ यांचीच घेतो.

जतनाचा मुद्दा मला या सगळ्याहून मोठा वाटतो. २६ ऑगस्ट २०२४ ला फिनालेच्या कंपनीने विकास थांबवल्याचं जाहीर केलं. १९८८ पासून चाललेला प्रोग्राम. म्युझिक-एक्सएमएलमधून सूर दुसरीकडे नेता येतात, पण हाताने सरकवलेली एकेक कमान, एकेक अंतर बरंचसं वाटेत गळतं. लिलीपाँडची फाइल ही नुसती मजकुराची फाइल. उद्या लिलीपाँड बंद पडलं तरी ती कुणालाही उघडून वाचता येईल. ज्या चाली आजवर कागदावर आल्याच नाहीत, त्या पहिल्यांदा उतरवताना मला हीच खात्री हवी असते.

सध्याची विभागणी अशी आहे: तारपा लिलीपाँडमध्ये, बोहाडा म्युझस्कोरमध्ये. डोरिको एका मित्राकडे आहे, मोठा वाद्यवृंद असला की त्याच्याकडे जातो. तारप्याच्या पानावर एक चाल एका ओळीत, मग ती कितीही लांब-आखूड होवो. उजवा समास त्यामुळे वेडावाकडा दिसतो. छापखान्यातून हमखास फोन येतो, ओळी सारख्या करायच्या का म्हणून. नको, तशाच राहू द्या, असं मी सांगतो.