वीसच्या आत

2018 साली नाशिकच्या आमच्या साड्यांच्या दुकानात बावीस माणसं कामाला होती. तेव्हा महाराष्ट्रात वीस कामगार झाले की दुकानाला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागायचं. मालकाने पगाराच्या 4.75 टक्के भरायचे, कामगाराचे 1.75 टक्के कापायचे. दहा हजारांमागे माझे 475 रुपये, म्हणजे सगळ्यांचे मिळून महिन्याला साडेदहा हजारांच्या घरात. शिवाय एकदा ईएसआयचा नंबर घेतला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही, असं बाजारात जो तो सांगायचा. ते खरंच आहे, कायद्यात तसं कलम आहे.

म्हणून मी वरचा मजला बायकोच्या नावाने वेगळी फर्म दाखवला. खाली बारा, वर दहा. गल्ला एक, गोडाऊन एक, फक्त मस्टर दोन. पोरांनाच पगारातून कापलेलं नको असतं, अशी मी मनाची समजूत घातली. ईएसआय म्हणजे काय हे त्यांना कधी नीट सांगितलंच नव्हतं.

पुढे काउंटरवरच्या अण्णांना क्षय झाला. गिऱ्हाइकापुढे एका झटक्यात पैठणीचा पदर उलगडणारा माणूस चार साड्या दाखवल्या की भिंतीला टेकून धापा टाकायचा. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली. अडलं ते पगारावर. ईएसआय असतं तर पहिले 91 दिवस 70 टक्के पगार मिळाला असता, आणि अण्णांसारख्या जुन्या माणसाला क्षयासाठी त्यापुढे 80 टक्के. ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. मी त्यांना उचल दिली, आणि तेव्हा मला तो माझा मोठेपणा वाटला. उचल फेडायची म्हणून ते पुरते बरे व्हायच्या आत कामावर आले. ईएसआयला महिन्याला 175 रुपये गेले असते. मी हजाराचा हप्ता कापत होतो.

हप्ता कापलेलं ते पगारपत्रक पुढ्यात आलं तेव्हा मी दोन्ही मस्टर एक केले आणि नंबर घेतला. जुलै 2019 पासून मालकाचा वाटा 3.25 टक्क्यांवर आला, कामगाराचा 0.75 वर. दुकानदारांचं एक म्हणणं मला अजूनही पटतं: एकोणिसाव्या माणसापर्यंत काहीच नाही आणि विसावा आला की सगळ्यांचे भरा, अशी अट खोट्या मस्टरला आमंत्रणच देते. आता ती दहावर आली आहे, आणि कागदावर नऊच माणसं ठेवणारी दुकानं माझ्याच गल्लीत आहेत.

अण्णांचे कापलेले हप्ते मी परत केले. आजारपणात बुडालेला ईएसआयचा लाभ कायद्याने माझ्याकडूनच वसूल होऊ शकला असता. तो मी अजून दिलेला नाही.