पांढऱ्या रक्ताचा मासा

नांदेडच्या मे महिन्यात, पंखा गरम हवाच इकडून तिकडे करत असताना, माणसाने खुशाल अंटार्क्टिकाचा विचार करावा. खर्च नाही, वरून मंजुरीही लागत नाही. मी तिथल्या बर्फमाशाचा करतो. तसा मी बी.कॉम.; माझा संबंध गोदावरीतल्या मरळीपलीकडे जायला नको. पण या माशाचं खातं पाहून कुठल्याही कारकुनाची झोप उडेल.

त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. शून्य शिल्लक! रक्त कसं, तर आमच्या दूधवाल्याच्या दुधासारखं, पांढुरकं आणि पातळ. व्हेल मारायला जाणारे खलाशी हे सांगत, पण खलाशांचं खरं कोण मानणार? १९५४ साली नॉर्वेच्या योहान रूड यांनी तपासून छापलं, तेव्हा पटलं.

"मग जगतो कशावर? ओव्हरड्राफ्टवर?" आमच्या कॅशियरसाहेबांनी विचारलं.

थंडीवर! तिथलं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं. खारट म्हणून तेवढ्यावर गोठत नाही. पाणी जितकं थंड, तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो, आणि तो माशाच्या रक्तात नुसता विरघळून येतो. त्यासाठी हृदय मोठं, रक्तही भरपूर. शिवाय अंगात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं. आपल्या मरळीचं उलट. कोमट, गढूळ पाण्यात प्राणवायू पुरेना, की ती सरळ वर येऊन हवा घेते. मराठवाड्याची ना ती, अर्ज करून वाट बघत नाही.

२०२१ मध्ये एका जर्मन जहाजाने वेडेल समुद्राच्या तळाशी कॅमेरा ओढत नेला, तर खाली बर्फमाशांची वसाहतच. अंदाजे सहा कोटी घरटी! प्रत्येकात सरासरी दीड हजाराहून जास्त अंडी, बहुतेक घरट्यांवर एकेक मासा राखणीला. आणि गृहकर्जाचा एकही अर्ज नाही.

फक्त हे पाणी तापलं, की प्राणवायू घटणार. हिमोग्लोबिन बनवायची जनुकं तर या माशाने केव्हाच गमावलीत. ठेव मोडली ती मोडली. आता खातं पुन्हा उघडणार नाही.

हे मी लातूरच्या साडूंना सांगितलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा ते टँकरच्या रांगेत उभे असत.

"पाणी आहे ना तिथं? मग काय रडतो तुमचा मासा!" साडू म्हणाले.

चहा संपेपर्यंत गप्प होते. मग हळूच म्हणाले, "आणि वर येऊन हवा घेणं त्याला जमत नाही म्हणता?"