लायसन गहाण ठेवायची वस्तू नाही

पाचोड, ता. पैठण

प्रिय बापू,


माहेरी येऊन चार दिवस झाले, तुझी भेट नाही. मोसंबीचा हंगाम आला की तुझा पाय घरात ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण काल आई ओट्यावर बसून हळूच म्हणाली, "बापू आता रात्रीचीच गाडी काढतो. दिवसा पोलीस अडवतील म्हणतो." तेव्हापासून माझा डोळा लागला नाही. हे पत्र मी उघडंच लिहिते आहे, कारण आपल्या मोसंबीच्या बाजारात तुझ्यासारखे पिकअपवाले आणखीही उभे असतात.

आईने फळीवरच्या डब्यातून तुझी चलनं काढून दिली. गाडी जुनी घेतलीस, पण आरटीओच्या नोंदीत मोबाइल नंबर आधीच्या मालकाचाच राहिला. मेसेज त्याला जात राहिले आणि तुला कळलं तेव्हा दंड साठला होता. सिग्नल तोडलास, ते चुकलंच. ताई वकील आहे म्हणून त्यावर पांघरूण घालणार नाही. धुळे-सोलापूर महामार्ग आपल्या गावावरून जातो. त्या रस्त्याने कोणाकोणाची घरं उजाड केली, ते आपण दोघांनी पाहिलं आहे. दंड हवाच.

पण तुला भीती दंडाची नाही, लायसन जाईल याची आहे. थकलेल्या ई-चलनासाठी परवाना निलंबित करण्याचा केंद्राचा विचार आहे, अशा बातम्या 2025 मध्ये आल्या, तेव्हापासून तू धास्तावलास. माझं भांडण याच विचाराशी आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 19 काढून बघ. परवाना कोणाचा काढून घ्यावा, ते तिथे लिहिलं आहे: सराईत गुन्हेगार, अट्टल दारुडा, अमली पदार्थांचा व्यसनी, ज्याच्या गाडी चालवण्याने लोकांच्या जिवाला धोका आहे असा माणूस, फसवून परवाना मिळवणारा. या यादीमागे शहाणपण आहे. रस्त्यावर ज्याच्यापासून धोका आहे, त्याला रस्त्यावरून दूर करायचं. खिशात पैसे नसणं हा असा धोका नाही. हजार रुपये थकले म्हणून तुझा ब्रेकवरचा पाय कच्चा होत नाही.

आता हिशेब कर. परवाना निलंबित असताना गाडी चालवली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 खाली 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 2025-26 मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे हा दंड बत्तीस दिवसांची मजुरी. आणि गाडी चालवली नाही, तर पहिला दंड भरायला पैसा कुठून येणार? ज्या हातांनी फेडायचं, तेच बांधून ठेवायचे आणि वर फेड म्हणायचं.

अमेरिकेत हे करून झालं आहे. तिथे अनेक राज्यं न्यायालयाचा दंड थकला की लायसन निलंबित करत. बऱ्याच ठिकाणी बस नाही, रेल्वे नाही, कामावर जायला गाडीच. लोक कामाला मुकले किंवा चोरून गाडी चालवू लागले. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये ही पद्धत बंद केली, पुढे इतर अनेक राज्यांनीही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच, बेअर्डन खटल्यात, कैदेबाबत सांगितलं होतं: दंड भरला नाही म्हणून तुरुंगात धाडण्याआधी विचारा, हा जाणूनबुजून बुडवतो आहे की याची ऐपतच नाही? आपल्याकडे परवान्याला हात घालण्याआधीही हाच प्रश्न विचारला जावा, एवढंच माझं मागणं आहे.

फिनलंडमध्ये 1921 पासून कमाईच्या प्रमाणात दंड आहे. तेवढं लांब जायला नको. आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 464 खाली न्यायालयाला दंडाचे दोन किंवा तीन हप्ते पाडून देता येतात. ही दयाबुद्धी कायद्यात आहेच, ती चलनापर्यंत पोचायला हवी. ऐपत असून जो बुडवतो, त्याच्याकडून खुशाल वसूल करा.

आता तुझ्यापुरतं. आरटीओच्या नोंदीत आधी तुझा नंबर घाल. चलनं घेऊन पैठणला माझ्याबरोबर चल. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करू. तडजोडीत मिटणारी चलनं राष्ट्रीय लोकअदालतीत घेतात, तिथे नाव लावू. उरलं तर न्यायालयापुढे हप्ते मागू. मागण्यात लाज नाही, बापू. लपण्यात मात्र जीव जाऊ शकतो. रात्रीचा अंधार, डोळ्यांवर झोप, पाठीमागे मोसंबीचं ओझं. पोलिसांना चुकवायला निघालेला माणूस यमाच्या वाटेवर उभा राहतो.

आई रात्री दोनला उठून दारापाशी जाते. विचारलं तर म्हणते, पाणी प्यायला उठले. माठ मात्र तिच्या उशाशीच असतो.

उजेडी गाडी घेऊन ये. मी थांबले आहे.

तुझी,
ताई