जुना सँडर घेताना मी काय तपासलं नाही

सँडर घ्यायचाय, जुना घेऊ की नवा, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: कुठला सँडर? हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नाही. तो सुचेपर्यंत सागवानाचा एक टेबलटॉप, बहिणीच्या घरातलं एक दार आणि एक चांगली मोटर माझ्या हातून वाया गेली. सुतारकामाची हौस असलेली पुष्कळ मंडळी आता घरच्या गॅलरीत नाहीतर गच्चीवर काम करतात, आणि पहिलं मोठं यंत्र म्हणून सँडरच घेतात. त्यांचं लाकूड वाचावं म्हणून हे सगळं सांगतोय.

पहिला सँडर मी पॉलिशची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडून घेतला. १२५ मिलिमीटरच्या गोल पॅडचा, रँडम ऑर्बिट जातीचा. नवा सात हजारांच्या आसपास पडला असता, त्याने अडीच हजार सांगितले. मी बटण दाबलं, सँडर सुरू झाला. आवाज कर्कश होता, पण या यंत्रांचा आवाज असतोच अशी मी समजूत करून घेतली आणि पैसे मोजले. चालू होतोय ना, एवढीच माझी परीक्षा होती.

या सँडरचं सगळं कसब त्याच्या तळाशी असतं. मोटरच्या दांड्याच्या टोकाला, मध्यापासून किंचित बाजूला एक बेअरिंग बसवलेलं असतं आणि त्यावर पॅड मोकळा बसतो. त्यामुळे पॅड दोन-तीन मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात मिनिटाला दहा-बारा हजार वेळा फिरतो आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही सावकाश फिरत राहतो. दोन गती अशा एकमेकींत मिसळल्या की पेपरचा दाणा त्याच वाटेने पुन्हा जात नाही आणि ओरखडे नजरेला दिसेनासे होतात. पॅडच्या वरच्या बाजूला रबराची किंवा प्लास्टिकची एक कडी घासत असते. ती ब्रेकचं काम करते. सँडर लाकडावरून उचलला की पॅड मोकाट सुटू नये, ही तिची जबाबदारी.

माझ्या सँडरमधली ती कडी झिजून संपली होती. बेअरिंगमध्ये भुसा आणि सीलरची पूड जाऊन बसली होती. कर्कश आवाज त्याचाच होता. मी सँडर उचलला की पॅड सुसाट फिरायचा, आणि तसाच फिरत असताना मी तो पुन्हा फळीवर टेकवायचो. जिथे टेकवला तिथे चंद्रकोरीसारखा एक ओरखडा उठायचा. कोऱ्या सागवानावर ते काहीच दिसलं नाही. सीलरचा पहिला हात दिला आणि सगळा टेबलटॉप त्या कोरींनी भरलेला दिसला. पॉलिशने खोट झाकली जाते असा माझा समज होता. प्रत्यक्षात पॉलिश ती उठून दाखवतं.

सगळा दोष त्या यंत्राचा नव्हता. वेळ वाचावा म्हणून मी ८० नंबरच्या पेपरवरून थेट २२० वर गेलो होतो. ८० नंबरने पाडलेले चरे २२० ला काढता येत नाहीत. मधले १२० आणि १८० त्याचसाठी असतात. शिवाय मी अंगाचा भार देऊन सँडर दाबत होतो. दाबला की पॅडचं स्वतःभोवती फिरणं थांबतं, उरतं ते फक्त छोट्या वर्तुळातलं हलणं, आणि त्या वर्तुळांच्या खुणा लाकडात उतरतात. सँडरचं स्वतःचं वजन आणि वर नुसता ठेवलेला हात, एवढं पुरतं. पेपर बदलताना फळी ओल्या फडक्याने पुसून, दिवा बाजूला धरून तिरक्या उजेडात बघितली असती, तर पॉलिशच्या आधीच सगळं कळलं असतं. सागवानाची ती जोडलेली फळी मी शेवटी रंध्याने उतरवून पुन्हा घासली. जाडी गेली आणि पायांशी बसवलेले सांधेही नव्याने करावे लागले.

या अनुभवाने मी पार दुसऱ्या टोकाला गेलो. आता जुनं काही घ्यायचंच नाही, असं ठरवलं, आणि त्याच भरात एक मोठा पट्ट्याचा सँडर नवाकोरा आणला. १०० बाय ६१० मिलिमीटरचा पट्टा, हजार वॅटची मोटर, वजन पाच किलोच्या जवळपास. किंमत गोल सँडरच्या कितीतरी पट. नवं यंत्र म्हणजे खात्रीचं काम, असं मी धरून चाललो होतो. त्याच सुमारास बहिणीने तिच्या घरातलं सागाचं दार जुनं पॉलिश काढून नवं करायला दिलं.

ते दार भरीव सागाचं नव्हतं. आपल्याकडच्या फ्लॅटमधली पुष्कळ दारं प्लायवूडची असतात आणि वर सागाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हीनिअर, चिकटवलेला असतो. त्याची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पट्ट्याचा सँडर मिनिटाला चारशे मीटरपर्यंत वेगाने पेपर ओढतो. सांध्यातली उंचसखल फळी सपाट करायला, जाड रंग काढायला तो उत्तम. व्हीनिअरवर तो टेकवायचाच नसतो. मी टेकवला, क्षणभर एका जागी थांबलो, आणि सागाच्या मधोमध खालचं फिकं लाकूड दिसायला लागलं. त्याला दुरुस्ती नाही. दाराच्या त्या बाजूला नवं व्हीनिअर लावावं लागलं, तो खर्च मी केला, आणि बहिणीने एका शब्दाने विचारलं नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

नंतर तो पट्ट्याचा सँडर बराचसा कपाटातच राहिला. घरकामात सपाट करायला मोठी फळी क्वचितच येते. पावसाळ्यानंतर बाहेर काढला तर आणून ठेवलेले पट्टे सांध्याशी तुटायला लागले. पट्ट्याची दोन टोकं चिकटवून जोडलेली असतात आणि दमट हवेत काळाने तो जोड सुटतो, हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या सँडरसोबत फुकट मिळणाऱ्या पट्ट्यांचा मोह म्हणूनच धरू नये.

खरी गोष्ट मला आमच्या भागातल्या एका मिस्त्रींनी दाखवली. त्यांनी माझ्याच मापाचा पट्ट्याचा सँडर जुना, माझ्यापेक्षा फारच स्वस्तात घेतला होता आणि त्यावर रोज काम चालू होतं. मला आश्चर्य वाटलं तेव्हा त्यांनी तो उलटा करून समोर ठेवला. पट्टा काढला, खालची धातूची पट्टी आणि तिच्यावरचं ग्राफाइटचं अस्तर दाखवलं, दोन्ही रूळ हाताने फिरवून दाखवले, बाजूचं झाकण काढून आतला दातेरी पट्टा दाखवला. म्हणाले, "दादा, पट्ट्याच्या मशीनमध्ये लपवायला जागाच नाही. जे झिजतं ते सगळं डोळ्यासमोर असतं, आणि बाजारात मिळतं." मोटरचे कार्बन, म्हणजे ब्रश, आणि अस्तर बदललं, एवढाच त्यांचा खर्च. गोल सँडर मात्र ते नेहमी नवा घेतात, कारण त्यातलं झिजणारं आत, पॅडच्या वर, भुशात दडलेलं असतं आणि कामाचा दर्जा त्यावरच ठरतो. शिवाय जुना गोल सँडर विकायला येतो तो बहुतेक पॉलिशच्या कामावरूनच, म्हणजे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललेला. पट्ट्याचा सँडर विकणारा पुष्कळदा माझ्यासारखा असतो, हौसेने घेऊन फारसा न वापरलेला.

हे कळल्यावरही मी एक चूक केलीच. परदेशातून आलेल्या जुन्या हत्यारांच्या ढिगात मला एक छोटा पट्ट्याचा सँडर दिसला. रूळ बघितले, अस्तर बघितलं, सगळं उत्तम. घरी आणून लावला, एक मोठा घरघराट झाला, जळकट वास आला आणि मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, गेलं. नेमप्लेटवर १०० व्होल्ट लिहिलेलं होतं. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. प्लग बदलून कुणीतरी आपला बसवला होता, आणि बसतो आहे म्हणजे चालेल असं मी गृहीत धरलं. वाइंडिंगवाल्याकडे नेला तर रिवाइंडिंगचा खर्च सँडरच्या किमतीच्या वर जात होता.

म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जाणार असाल, किंवा कुणाच्या गोडाऊनमधून घेणार असाल, तर नेमप्लेट आधी वाचा. मग सँडर वीज न लावता हाताने फिरवून बघा, खरखर लागते का. सुरू केल्यावर हवेच्या फटीतून आत बघा. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात, पण कम्युटेटरभोवती गोल आगीची कडी दिसली तर आर्मेचर संपत आलंय. किमान पाच मिनिटं चालू ठेवायला सांगा. गरम झाल्यावरच बेअरिंग बोलायला लागतं. दुकानदार पाच मिनिटं चालवू देत नसेल तर तिथून निघा, किंमत कितीही कमी असो.

एक गोष्ट मी पैशाच्या हिशोबात धरलीच नव्हती, ती धुळीची. त्या पहिल्या जुन्या गोल सँडरला धुळीची पिशवी नव्हती, आणि पॅडला आठ भोकं असताना मी बिनभोकाचे पेपर लावायचो. बंद गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून. खोकला लागला आणि सागाच्या पुडीने हातांवर पुरळ उठलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. जुन्या यंत्राची पिशवी, नळी, भोकांशी जुळणारे पेपर हे सगळं मिळतंय का, ते विचारूनच किंमत ठरवा. मिळत नसेल तर ते यंत्र स्वस्त नाही. वर एन-९५ मास्क हवाच.

आता मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिला सँडर गोल घ्या आणि तो नवा घ्या, मधल्या किमतीचा असला तरी चालेल. उरलेल्या पैशात ८०, १२०, १८० आणि २२० असे चारही नंबर भरपूर आणा. पट्ट्याचा सँडर खरोखर काम निघेल तेव्हा बघा आणि तो जुना बघा, जाणत्या मिस्त्रींना सोबत नेऊन. आणि व्हीनिअरच्या दारावर तो कधीही चालवू नका.