अंगणातील सोबती

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात पहाट होते ती कोंबड्याच्या आरवण्याने. डालगे उचलताच कोंबडी पिलांसह उकिरडा उकरू लागते आणि घरातील मुले पिलांना उचलून गालाशी धरतात. हे प्रेम निर्मळ असते. हात मात्र निर्मळ राहतातच असे नाही. कोंबडीच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू राहू शकतात. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी ते शोधले. पुढे त्यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल सॅल्मन यांच्या नावावरून ते ओळखले जाऊ लागले. नवल असे, की कोंबडी स्वतः धडधाकट दिसते. परंतु तिच्या विष्ठेतून पिसांवर व अंड्याच्या कवचावर आलेले जंतू माणसाच्या पोटात गेले, की ताप, पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात. शेळ्या-वासरांपासूनही हा धोका संभवतो. तान्ह्या बालकांना व वृद्धांना तो विशेष जड जातो.

उपाय साधे आहेत. पिलांचे मुके घेऊ नयेत, खुराडे चुलीपासून दूर असावे, अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे आणि जनावरांना हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. मुक्या जीवांवर माया अवश्य करावी. परंतु पाळण्यातील भावंडाला उचलण्यापूर्वी हात धुणे, हीही मायाच होय.